मंडळाची रायफल

किस्से कोणी ठरवून साठवत नाही. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांसारखे ते घरात आपोआप साठत जातात. टाकायला काढले की प्रत्येक डबा कधीतरी उपयोगी पडेल असं वाटतं, म्हणून परत आत जातो. मग एक दिवस कपाट उघडावं तर सगळे अंगावर! आमच्या नेमबाज मंडळाचं तसंच झालंय. एक सांगायला घेतला की मागचे पाच घरंगळत येतात.

आधी ओळख करून देतो. मी पराग. राहायला सिंगापुरात टॅम्पिनीसला, नोकरी चांगी बिझनेस पार्कमध्ये, आणि दर शनिवारी सकाळी बंदूक चालवतो. हे तिसरं वाक्य ऐकलं की पुण्याचे नातेवाईक हातातला चहा खाली ठेवतात.

घाबरू नका. एअर रायफल. हवेच्या दाबावर चालणारी, मसुराएवढा छर्रा उडवणारी, दहा मीटरवरच्या कागदी निशाणाला भोक पाडणारी. इथले कायदे इतके कडक आहेत की रायफल तुमच्या मालकीची असली तरी घरी आणता येत नाही. ती क्लबच्या शस्त्रागारात कुलपात राहते. आपण शनिवारी जाऊन तिला भेटायचं आणि दुपारी निरोप घ्यायचा.

मंडळात माणसं थोडी. बँकेच्या रिस्क विभागातला मिलिंद, ज्याला भाजी घ्यायलासुद्धा एक्सेल लागतं. पासिर रिसचे भाऊकाका, बँकेतून निवृत्त झालेले. पूर्व सिंगापुरातल्या निम्म्या मराठी घरांचे सत्यनारायण त्यांनीच सांगितलेत. मी. आणि आमच्या सुनंदाताई. या सगळ्या किश्शांच्या खऱ्या धनी त्याच आहेत, पण त्यांच्यापर्यंत जरा दमाने जाऊ.

*

भाऊकाका मंडळात आले ते मुळात सोबतीला. नातवंडं पुण्याला गेलेली, शनिवार मोकळा. लिम अंकल म्हणून आमचे कोच आहेत, वयाने भाऊकाकांच्याच आसपास. त्यांनी आग्रहाने काकांच्या हाती रायफल दिली. काकांनी नेम धरला, डोळा लावला आणि थांबले. बराच वेळ काहीच होईना. लिम अंकल काळजीने जवळ गेले, तर काका पुटपुटत होते. अथर्वशीर्ष चाललं होतं. पूर्ण झाल्यावर त्यांनी घोडा दाबला.

छर्रा निशाणाला लागला, हे खरं. शेजारच्या माणसाच्या निशाणाला.

तो शेजारचा मलाय गृहस्थ फार सज्जन. त्याने वाकून आभार मानले. तेव्हापासून काका शूटिंग कमी आणि देखरेख जास्त करतात.

*

पहिल्या वर्षीच्या नवरात्रात भाऊकाकांनी जाहीर केलं की खंडेनवमीला शस्त्रपूजा झालीच पाहिजे. शस्त्रं हातात धरता आणि वर्षातून एकदा हळदकुंकू वाहत नाही, हे त्यांना चालणार नव्हतं.

लिम अंकलना समजावायची जबाबदारी माझ्यावर आली. मी सांगितलं की आमच्यात वर्षातून एक दिवस हत्यारांचे आभार मानतात. त्यांना ते एकदम पटलं. अडचण आली ती तपशिलात. उदबत्ती चालणार नाही, धुराचा अलार्म वाजतो. निरांजन नको, त्याच कारणाने. रायफलवर पावडर टाकायची नाही, नळीत गेली तर दुरुस्ती कोण करणार? शेवटी बॅटरीवरचा दिवा, आणि हळदकुंकू रायफलऐवजी तिच्या पेटीवर, असा तह झाला.

पूजा दणक्यात झाली. काका डाव्या हाताने घंटा वाजवत होते, उजव्या हाताने फुलं वाहत होते, आणि शस्त्रागाराच्या दारात दोन चिनी तरुण मोबाइलवर व्हिडिओ काढत होते. मग पेढे. लिम अंकलच्या उजव्या हातात कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, कप होता, म्हणून त्यांनी डावा पुढे केला.

भाऊकाका पेढा धरून तसेच उभे. देईनात, बोलेनात. लिम अंकलचा हात तसाच हवेत. शेवटी काकांनी त्यांच्या हातातला कप काढून घेतला, मोकळा झालेला उजवा तळहात स्वतःच सरळ केला आणि त्यावर पेढा ठेवला.

"प्रसाद राइट हॅन्ड," काका म्हणाले. "ऑलवेज."

"यस, बॉस," लिम अंकल म्हणाले. तेव्हापासून ते काकांना बॉसच म्हणतात.

*

आता सुनंदाताई. तीस वर्षं इथे अकाउंटंट म्हणून काढली, सिटिझनशिप घेतली, मुलगी इरा इथेच वाढली. रिटायर झाल्यावर लोकांना वाटलं, आता या भजन शिकतील किंवा भिशी चालवतील. एका शनिवारी त्या मिलिंदला दिवाळीच्या चकल्या द्यायला रेंजवर आल्या, पाच मिनिटं एअर रायफल धरून बघितली, आणि पुढच्या शनिवारी चकल्यांशिवाय आल्या.

बाई जिद्दीची. पावसात, तापात, पाहुणे घरी असताना, शनिवार चुकला नाही. पण एक गोष्ट जमत नव्हती. नेम धरताना त्यांची मान तिरपी व्हायची. उजव्या खांद्याला रायफल लावायच्या, आणि डोकं असं काही वाकवायचं की बघणाऱ्याची मान दुखावी. लिम अंकल सांगून थकले होते. आंटी, राँग आय लाह. तुमचा उजवा डोळा नाही, डावा डोळा बघायला बघतोय. ताई म्हणायच्या, नेव्हर माइंड, सवय होईल.

डाव्या डोळ्याने मध्येमध्ये येऊ नये म्हणून त्यांनी त्यावर झाकण बांधायला सुरुवात केली. क्लबमध्ये प्लास्टिकचं पांढरं झाकण मिळतं. ताईंनी घरी शिवलं. ब्लाऊजपीसच्या उरलेल्या खणाचं, हिरवं, जरीच्या काठासकट! गेल्या वर्षीच्या स्पर्धेत एका ऑस्ट्रेलियन बाईने येऊन विचारलं की हा तुमचा पारंपरिक पोशाख आहे का. ताईंनी हो म्हणून सांगितलं.

त्या स्पर्धेत ज्येष्ठ महिलांच्या गटात ताई शेवटून दुसऱ्या आल्या. कोणाला काही बोलल्या नाहीत. परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, माझ्याशेजारी बसल्या होत्या, मानेला बाम लावत. खिडकीकडे बघून म्हणाल्या, "पराग, एकदा तरी मान सरळ ठेवून मारायचंय रे. नंबर नाही आला तरी चालेल."

मला ते फार लागलं. ही बाई आयुष्यात कधी काही मागत नाही, आणि मागितलं ते हे.

*

मग क्लबचा नवा नियम आला. क्लबच्या रायफली यापुढे फक्त शिकाऊंसाठी. स्पर्धेला उतरायचं तर स्वतःची हवी. मिलिंदकडे स्वतःची होती. ताई क्लबचीच वापरत होत्या. म्हणजे नवी रायफल नाही तर स्पर्धा नाही.

इरा आईला घेऊन द्यायला तयार होती. ताई ऐकेनात. मुलीच्या लग्नाच्या वयात आईने मुलीकडून बंदूक घ्यायची, हे कुठे सांगायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यावर भाऊकाकांनी तोडगा काढला. मराठी माणसाला दोन डोकी जमली की मंडळ सुचतं आणि मंडळ झालं की वर्गणी. सगळ्यांनी मिळून एक रायफल घ्यायची. स्पर्धेला ताई वापरतील, एरवी शनिवारी सगळे. सगळ्यात मोठी वर्गणी काकांनी दिली, हे मुद्दाम सांगतो. माणूस कडक आहे, कवडीचुंबक नाही.

बाजारात आमच्या आवाक्यातल्या दोनच रायफली निघाल्या. एक नवी, निळी, अॅल्युमिनियमची, वॉरंटीसकट, पण साध्या दर्जाची आणि बजेटच्या अगदी काठावर. दुसरी जुनी, अक्रोडाच्या लाकडाची, देखणी, वरच्या दर्जाची. तिचा मालक पर्थला कायमचा चालला होता. आणि ती निळीपेक्षाही स्वस्त!

मंडळात लगेच दोन पक्ष पडले. भाऊकाका लाकडी पक्षाचे. लाकूड ते लाकूड, अॅल्युमिनियमची पातेली असतात, असं त्यांनी ठणकावलं. मिलिंद निळ्या पक्षाचा. एवढी चांगली वस्तू एवढ्या स्वस्तात म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हा त्याचा मुद्दा. त्याने वजन, वॉरंटी, सुटे भाग, परत विकताना येणारी किंमत अशा रकान्यांचं भलंमोठं एक्सेल केलं. सुनंदाताईंना कोणती हवी, हा रकाना त्यात नव्हता. खरं सांगायचं तर ते कोणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही.

*

याच धांदलीत मिलिंदने एक पराक्रम केला. त्याला मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहायचं होतं, "उद्या दोन रायफली बघायच्या आहेत, एकच घ्यायची आहे, कोण कोण येतंय?" ते गेलं सासरच्या ग्रुपवर. पुण्यात एकवीस माणसांनी वाचलं.

सासूबाईंनी तत्काळ मुलीला फोन लावला आणि तुमचं दोघांचं सगळं ठीक आहे ना, असं हळू आवाजात विचारलं. मेव्हण्याने सिंगापूरच्या कायद्याची लिंक पाठवली. एक मावशी रडायला लागल्या. सासरेबुवांनी मात्र शांतपणे एवढंच उत्तर दिलं, "सांगतील त्या किमतीला घेऊ नका. घासाघीस करा."

*

रायफली बघायला आम्ही सगळे क्लबच्या शस्त्रागारात गेलो. थाट एखाद्या स्थळ बघायच्या कार्यक्रमाचा. भाऊकाका इस्त्रीच्या शर्टात. इरा आईला सोबत म्हणून. लिम अंकल कोपऱ्यात खुर्ची टाकून नारळाच्या जॅमचा काया टोस्ट खात बसलेले. टेबलावर दोन पेट्या उघडून ठेवल्या.

निळी आधी बघितली. हलकी, चकचकीत, नावं ठेवायला जागा नाही आणि कौतुक करायलाही फारसं काही नाही. ताईंनी डोळ्यावर झाकण बांधून ती उजव्या खांद्याला लावली, मान सवयीने तिरपी केली आणि बरी आहे म्हणाल्या.

मग लाकडी. तिच्यावरून हात फिरवावा अशी. पण मी खांद्याला लावली आणि काहीतरी चुकलं. गाल टेकायची जागा सापडेना. मिलिंदने घेतली. त्याच्या गालाच्या हाडाला लाकूड टोचलं आणि छर्रा भरायची कळ हाताला येईना. तो विजयी मुद्रेने म्हणाला, बघा, सांगत होतो, पाणी मुरतंय. भाऊकाकांनी पक्षाची अब्रू राखायला स्वतः धरून बघितली. उजवा पाय डाव्या बुटात घातल्यासारखा चेहरा झाला त्यांचा.

असं चांगलं दहा मिनिटं चाललं. लिम अंकल टोस्ट खात मजा बघत होते. शेवटचा तुकडा संपवून, बोटं पुसून ते म्हणाले, "दिस वन लेफ्ट-हॅन्ड गन लाह. डावऱ्या माणसाची. म्हणून तर स्वस्त."

काय हसलो आम्ही! तीन डिग्र्या, दोन मॅनेजर, एक एक्सेल, आणि कोणाला कळलं नव्हतं. लाकडी पक्ष तिथेच बरखास्त झाला. मिलिंदने निळीचे पैसे सोमवारी भरतो म्हणून सांगितलं. मी लाकडीची पेटी मिटायला घेतली.

"थांब," सुनंदाताई म्हणाल्या. "मी एकदा धरून बघते."

मी म्हटलं, ताई, ती डावऱ्यांची आहे. त्यांनी ऐकलंच नाही. पेटीतून रायफल उचलली आणि डाव्या खांद्याला लावली. गाल लाकडावर गेला. कोणी काही सांगितलं नाही, कोणी काही शिकवलं नाही. खणाचं झाकण तर डाव्या डोळ्यावर होतं. ते त्यांनी एका बोटाने कपाळावर सरकवलं.

मान सरळ होती.

*

 इराने विचारलं, "आई, यू आर लेफ्ट-हँडेड?"

तीस वर्षांची मुलगी. एका घरात राहून तिला माहीत नव्हतं.

ताईंनी रायफल हळूच खाली ठेवली. लाजल्यासारख्या झाल्या, चोरी पकडल्यावर होतं तसं. "होते," म्हणाल्या. "लहानपणी होते. जेवताना आत्या मला डाव्या हातावर बसायला लावायची. हाताला मुंग्या यायच्या, बधिर व्हायचा. शाळेत पाटीवर लिहितानाही तसंच. पुढे पुढे तो हात माझा नाहीच असं वाटायला लागलं. मग त्रास नाही झाला."

 त्रास नाही झाला, हे त्या अगदी सहज म्हणाल्या.

पण प्रश्न तर पुढेच होता. रायफल मंडळाची. लाकडी घेतली तर ती ताईंशिवाय कोणाच्याच कामाची नाही. आणि ताईंना तरी किती? तीन वर्षं उजव्या हाताने शिकल्या होत्या. स्पर्धा दीडदोन महिन्यांवर. सगळं पुसून पाटी कोरी करायची आणि तीही साठीला.

सगळे भाऊकाकांकडे बघायला लागले. काकांनी घसा साफ केला. जे बोलले ते मोजूनमापून बोलले. मंडळाची वस्तू सगळ्यांच्या उपयोगाची हवी. दुसरं म्हणजे, ते शस्त्र आहे, आपण त्याची पूजा करतो. डाव्या हाताने शस्त्र धरायचं, हे त्यांच्या मनाला पटत नाही. सुनंदावर राग नाही, पण पटत नाही.

"बरोबर आहे भाऊ," ताई लगेच म्हणाल्या. "निळीच घेऊ. मला सवय आहे."

आणि त्यांनी कपाळावरचं झाकण परत डाव्या डोळ्यावर ओढलं.

त्या आत्याबाईंना मी कधी पाहिलं नव्हतं. त्या क्षणी शस्त्रागारात उभ्या असल्यासारख्या वाटल्या.

बोलला तो मिलिंद. निळ्या पक्षाचा संस्थापक! त्याने लॅपटॉप मिटला. म्हणाला, निळी घेतली तर आपण चौघं वापरणार आणि चौघंही भिकार मारणार. लाकडी घेतली तर एकच माणूस वापरणार. "मंडळाला नक्की काय पाहिजे, ते ठरवा. रायफल की नेम?"

मी हात वर केला. मिलिंदने केला. इरा मंडळात नव्हती, तिने दोन्ही केले. काका सगळ्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बहुमत आहे. घ्या." वर्गणी परत मागितली नाही, आवाज चढवला नाही. पण एरवी मिलिंदच्या गाडीतून घरी जायचे, ते त्या दिवशी बसने गेले.

*

पुढचे आठवडे मजेचे आणि वाईटही. पहिल्या शनिवारी ताईंचे निम्मे छर्रे निशाणाच्या कागदाला भेटलेच नाहीत. एकदा तर त्यांनी घोडा उजव्या बोटाने शोधला. तो तिथे नव्हताच. लिम अंकल खुर्ची घेऊन त्यांच्या शेजारी बसायचे आणि सारखं एकच सांगायचे, स्लो, आंटी, स्लो. हातालाच करू दे, तू बाजूला हो.

बदल दिसायला लागला तो रेंजवर नाही, घरी. इरा सांगत होती. एका संध्याकाळी तिने बघितलं, आई ओट्याशी उभी राहून डाव्या हाताने कांदा चिरतेय. सुरी सटासट चाललेली. चिरून झाल्यावर ताईंनी त्या ढिगाकडे बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "इतकी वर्षं मला वाटायचं, मीच हळू आहे."

इराने मला हे फोनवर सांगितलं. ही पोरगी एरवी इथल्या लोकांसारखं प्रत्येक वाक्य लाहने संपवते. त्या दिवशी तिला वाक्य संपवता आलं नाही.

*

स्पर्धा नेमकी पितृपक्षात आली. भाऊकाकांनी आधीच कळवलं होतं की पितृपक्षात ते असल्या ठिकाणी जात नाहीत. गेल्या वर्षीही स्पर्धा पितृपक्षातच होती आणि तेव्हा ते पहिल्या रांगेत बसले होते, ही आठवण त्यांना कोणी करून दिली नाही. वयाचा मान असतो.

ताई रेंजवर उभ्या राहिल्या. डोळ्यावर झाकण नाही. गेल्या वर्षीची ती ऑस्ट्रेलियन बाई शेजारच्याच लेनमध्ये होती. ती सारखी बघत होती, बहुधा पारंपरिक पोशाख कुठे गेला म्हणून. सुरुवातीचे काही नेम हुकले. मिलिंदला स्क्रीनकडे बघवेना, तो बाहेर जाऊन व्हेंडिंग मशीनसमोर उभा राहिला आणि एकामागून एक काहीतरी विकत घेत बसला. मग ताईंनी रायफल खाली ठेवली, डावा हात झटकला, बोटं उघडमीट केली. एखाद्या मुलाला झोपेतून उठवावं तसं. परत उचलली.

त्यानंतर मी फक्त त्यांची मान बघत होतो. खरंच सांगतो, आकडे नाही बघितले.

तिसऱ्या आल्या. कांस्य! जगभरातले लोक या शहरात राहतात म्हणतात, त्या सगळ्यांसमोर टॅम्पिनीसची आमची सुनंदाताई नऊवारीच्या थाटात पायऱ्यांवर चढली. होती ट्रॅकपँट, पण थाट तो. माझा ऊर भरून आला. मी ऑफिसमध्ये प्रमोशन मिळालं तेव्हा एवढा ताठ चाललो नव्हतो. मिलिंदच्या हातात बिस्किटांचे सात पुडे होते, ते त्याने दिसेल त्याला वाटले. लिम अंकल कोणालाही पकडून सांगत होते, माय स्टुडंट, ओन्ली फ्यू वीक्स लेफ्ट हॅन्ड, यू बिलीव्ह ऑर नॉट!

संध्याकाळी भाऊकाकांचा मला फोन आला. निकाल त्यांना ग्रुपवर कळलाच होता. तरी मी सांगायला लागलो, तर त्यांनी मध्येच थांबवलं.

"ते कळलं. मान कशी होती?"

"सरळ होती काका."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

*

खंडेनवमीला काका येतील की नाही, यावर मिलिंदने माझ्याशी जेवणाची पैज लावली होती. तो हरला. काका वेळेच्या आधी हजर. इस्त्रीचा शर्ट, पिशवीत घंटा, हळदकुंकू, बॅटरीचा दिवा, झेंडूची फुलं.

पूजा दरवर्षीच्या शिस्तीत झाली. मिलिंदच्या रायफलच्या पेटीवर हळदकुंकू, मग लाकडीच्या. लाकडीपाशी काका जरा थांबले. मग दोन बोटं बुडवून कुंकू लावलं, फूल वाहिलं, आणि घंटा वाजवत आरती पूर्ण केली. दारात या वेळी चार तरुण व्हिडिओ काढत होते. लिम अंकल आता तयार झालेत. कोपीचा कप बाहेर ठेवून, उजवा हात धुऊन, रांगेत पहिले.

काकांनी पेढ्यांचा डबा उचलला आणि ताईंकडे दिला. "सुनंदा, या वर्षी तू वाट."

ताईंनी लिम अंकलना दिला, मिलिंदला दिला, मला दिला, इराला दिला. बोलण्याच्या नादात होत्या, कौतुक चाललं होतं, हात आपोआप चालत होता. काकांसमोर आल्या, पेढा पुढे केला आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की त्या डाव्या हाताने वाटतायत.

त्यांचा हात तिथेच थिजला. चेहरा पार उतरला, सात वर्षांच्या मुलीचा व्हावा तसा. बोटं मिटायला लागली. लिम अंकलनी माझ्याकडे बघितलं. प्रसादाचा नियम आता त्यांना आमच्याइतकाच पाठ होता.

भाऊकाकांच्या डाव्या हातात अजून पूजेची घंटा होती. उजवा मोकळाच होता. त्यांनी घंटा उजव्या हातात घेतली आणि डावा हात पुढे केला.